हासियत-आपाच्या बाह्या

उझबेकिस्तानातल्या आमच्या मार्गिलानच्या मोहल्ल्यात रोटी भाजावी ती हासियत-आपानंच. तंदुरात हात घालायला बायका जाड बाही चढवतात. आपा ती बाजारातही काढायची नाही. शेजारीण म्हणून मला तेवढं आतलं माहीत होतं. दोन्ही कोपरांवर सोरायसिसचे लाल, खपल्यांचे चट्टे. लोकांना कळलं तर आपल्या हातची रोटी कोण खाईल, या धाकानं तिनं ते आयुष्यभर झाकले.

म्हणूनच तिनं जे केलं त्याची मला जास्त चीड आली.

तिच्या मुलासाठी, इल्योरसाठी, आम्ही रेशीम विणणाऱ्या मस्तुराच्या मुलीला मागणी घालायला गेलो. मुलाकडच्यांनी नेलेली रोटी मुलीकडच्यांनी मोडली, की आमच्यात सोयरीक पक्की. त्याआधी ती पोर, झुलहुमोर, सुरई घेऊन पाहुण्यांच्या हातावर पाणी घालू लागली. आपापुढे आली आणि तिचं मनगट उघडं पडलं. त्यावर पांढरा डाग.

आपानं हात झटकन मागे घेतला. "हे काय गं? पेस?"

पेस म्हणजे कोड. आमच्याकडे हा शब्द शिवी म्हणूनही देतात. पोर लालबुंद झाली.

मस्तुरा म्हणाली, "डागच आहे, आपा. दुखत नाही, खुपत नाही."

"तुझ्या घरात ठेव. माझ्या पिठात नको कालवायला!" आपानं आणलेली रोटी फडक्यात गुंडाळली आणि उठली.

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! मेल्याहून मेल्यासारखी होऊन मी तिच्यामागून बाहेर पडले.

थंडीत आपाचे चट्टे फुटून रक्त येऊ लागलं, तेव्हा मीच तिला फरगान्याच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं.

"घरात कुणाला कोड आहे?" बाईंनी विचारलं.

"तोबा! आमच्या खानदानात पेस नाही!"

"तोबा कशाला करता? अंगाची राखण करणारी फौजच घरच्यांवर उलटते. तुमची कातडी भसाभस वाढते, कोड असलेल्यांचा रंग मरतो. दोन्ही रोग एकाच भावकीतले. कधीकधी एकाच माणसाला दोन्ही होतात. आणि शिवल्यानं यातलं काहीही लागत नाही."

आपाचा चेहरा उतरला. "म्हणजे ती पोर आणि मी..." एवढंच म्हणाली. बसमध्ये डोक्यावरच्या रुमालात तोंड घालून रडली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी ताजी रोटी घेऊन ती मस्तुराच्या दारात उभी राहिली. तिनं झुलहुमोरला हाक मारली आणि माझ्यादेखत दोन्ही बाह्या वर सारल्या.

"बघ, पोरी. मी तुझ्याच भावकीतली. मला तोंड दाखवायला लाज वाटते. एवढी रोटी मोडाल का?"

झुलहुमोर कोपरांकडे बघून जराही दचकली नाही.

"मला ठाऊक होतं, आपा. त्या दिवशी हात धुताना तुमची बाही वर सरकली होती. बाकीच्या बायका बघतील म्हणून मी ती खाली ओढायला हात पुढे केला. त्यातच माझं मनगट उघडं पडलं."

आपानं रोटी तिच्या हातात ठेवली.

"इल्योरवर माझा राग नाही म्हणून सांगा," पोर म्हणाली आणि रोटी अख्खीच्या अख्खी आपाच्या हातात परत दिली.