फक्त दोन शब्दांनी

दूध तापेपर्यंत मावशी रोज सकाळी ओट्यावर दहाही बोटं टायपिंग केल्यासारखी चालवायची. तिचा घरातच टायपिंगचा क्लास होता आणि तिच्या वेगाला तोड नव्हती. म्हणूनच ती त्या ऑनलाइन स्पर्धेच्या नादी लागली. पैसे भरायचे, दिलेला मजकूर समोरच्याच्या आधी टाइप करायचा, की दुप्पट मिळायचे. पहिले तीन डाव ती जिंकली. मग फी वाढली आणि ती रोज हरायला लागली, तेही अगदी थोडक्यात, दोन शब्दांनी.

"सराव कमी पडतोय," म्हणत तिने नव्या मुलींना परत पाठवलं आणि दाराला 'क्लास बंद'ची पाटी लावली.

काका वैतागले. "सरक, आज मी खेळतो."

"तुम्ही? स्वतःचं नाव टाइप करायला तुम्हाला दुपार लागते!"

काका एका बोटाने, हरवलेला चष्मा शोधावा तसं एकेक अक्षर शोधत बसले. मावशी हसून हसून बेजार झाली. शेवटी निकाल आला. काकाही हरले होते, फक्त दोन शब्दांनी.

मावशीचं हसू थांबलं. "अहो, समोर माणूस नाहीच! जो येईल त्याच्या दोन शब्द पुढे राहायचं, एवढंच त्या यंत्राला शिकवलंय."

"काही म्हण, मी तुझ्या तोडीचा निघालो," काका मिशीत हसले.

गेलेले पैसे गेलेच. मावशीने गेम काढून टाकला, पाटी उतरवली आणि परत पाठवलेल्या मुलींना फोन लावला.

"उद्यापासून या गं. आणि हो, नखं कापून या."