रातची सुई

चाचा मोबाइलवरचं कुठलंही पान तळापासून वाचायचे. अंगठ्यानं सरसर खाली जायचे, अगदी शेवटी थांबायचे आणि डोळे बारीक करून विचारायचे, "कुणी लिवलंय? कवा लिवलंय? आनि काय इकतोय?" एवढं कळल्याशिवाय ते वर यायचे नाहीत. कबनूरच्या यंत्रमाग कारखान्यात त्यांचा जन्म कापड तपासण्यात गेला होता. तागा आला की आधी उलटा करायचा, ही हाताची सवय. "वरनं समदंच झ्याक दिसतंय की. गाठ मागच्या अंगाला असती," म्हणायचे.

आम्हीही कबनूरचेच, पण त्यांची ओळख झाली कोल्हापूरच्या दवाखान्यात, रांगेत. बारावीत मला टाइप वन मधुमेह असल्याचं कळलं होतं. आईच्या डोळ्याला पदर होता. पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, "ताई, रडू नगासा. पोरीचा टाइप कंचा?" आईला वाटलं, रक्तगट विचारतायत. ती म्हणाली, "ओ पॉझिटिव्ह." ते मोठ्यानं हसले आणि खिशातून स्वतःचं इन्सुलिनचं पेन काढून आम्हाला दाखवलं. "मी पन एक नंबरवाला. आपल्या अंगात इन्सुलिन बनतच न्हाय. दोन नंबरवाल्यांचं आयकून आपलं भागत न्हाय. कुनी काय बी सांगू दे, आधी टाइप इचारायचा."

त्यानंतर पाच-सहा महिन्यांत मामानं एका काढ्याची लिंक पाठवली. 'इन्सुलिन कायमचं बंद' असं वर मोठ्या अक्षरात होतं. आई म्हणाली, बघूया की घेऊन. खोटं कशाला सांगू, मलाही ते खरं असावं असं वाटत होतं. रोज पोटात सुई टोचून घ्यायचा कंटाळा आला होता. मी चाचांकडे गेले. ते तळाला पोचले आणि खरेदीच्या टोपलीच्या चित्रावर बोट ठेवलं. "ही टोपली बघितलीस? आनि हितं काय म्हनतोय, डॉक्टरला सांगायची गरज न्हाय. पोरी, चांगलं पान आपणहून म्हनतंय, डॉक्टरला दाखवा." मामाला त्यांनी माझ्याच फोनवरून सुनावलं, "पावणं, काढा तुमी प्या. पोरीला नगो."

त्यांच्या विश्वासाची पानं मोजकीच होती. त्यांतलं आजारपणाबद्दलचं, म्हणजे ताप-उलट्या झाल्या तर इन्सुलिनचं काय करायचं ते सांगणारं पान त्यांना सगळ्यांत आवडायचं. तळाला डॉक्टरांची नावं, लिहिल्याची तारीख, पुन्हा तपासल्याची तारीख, आणि विकायला काही नाही. एकच खोट होती. ते इंग्रजीत होतं. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून चाचा म्हणाले, "तू ह्ये मराठीत उतरून दे. तुझ्या चाचीला वाचता आलं पायजे."

चाची म्हणजे त्यांची बायको. तिला मराठी नीट वाचता यायचं, पण सुईबद्दल तिला चाचांचं एकच वाक्य पाठ होतं, "जेवल्याबिगर सुई न्हाय." एकदा सुई घेतल्यावर पाहुणे आले, जेवण लांबलं आणि साखर एकदम उतरून चाचा घामाघूम होऊन खुर्चीतच कोसळले होते. तेव्हापासून ताट वाढून झाल्याशिवाय ती पेन हातात द्यायची नाही.

पण ते वाक्य जेवणाच्या इन्सुलिनचं होतं. दुसरं, दिवसभर पुरणारं, चाचा रात्री झोपताना घ्यायचे. ते जेवणावर अवलंबून नव्हतं, उपाशी असलं तरी घ्यावंच लागायचं. इंग्रजी पानात त्याला जो शब्द होता, त्यावर मी अडले. कोशात बघून 'पायाभूत इन्सुलिन' असं लिहून नेलं. चाचा म्हणाले, "पायाभूत? पुलाचं काम काढलंयस व्हय? रातची सुई म्हन की!" मी हसले, पण तसं लिहायला हात धजेना. कॉलेजातल्या मुलीनं नीट लिहावं, असं वाटायचं. पान अर्धंच राहिलं. मग परीक्षा आली.

परीक्षा चालू असतानाच चाचांना ताप आला, उलट्या सुरू झाल्या. मला कळलंच नाही. दोन दिवस पोटात काही ठरलं नाही आणि ते ग्लानीतच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास जोरजोरात चालायला लागला, तेव्हा त्यांना कोल्हापूरला नेलं. ते परत आले नाहीत.

मी भेटायला गेले तेव्हा चाची दोन्ही पेनं मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "दोन दिस एक बी सुई दिली न्हाय मी. पोटात कण न्हवता गं. त्येच म्हनायचे की, जेवल्याबिगर न्हाय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "माझं चुकलं व्हय?"

ते अर्धं पान माझ्या पिशवीत होतं. मी फक्त "नाही" म्हणाले.

आता ते पूर्ण केलंय. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तपासून दोन ठिकाणी दुरुस्त केलं. सुरुवातीलाच लिहिलंय, 'जेवण गेलं नाही तरी रातची सुई बंद करायची नाही. साखर तपासत राहायची. उलट्या थांबत नसतील तर लगेच दवाखाना गाठायचा.' तपासणीच्या दिवशी मी रांगेत त्याच्या प्रती वाटते. देण्याआधी टाइप विचारते. चाचीला मात्र अजून दिलेलं नाही. घेऊन दोनदा गेले, चहा पिऊन परत आले.

तळाला सगळं आहे. कुठल्या पानावरून घेतलं, कुणी उतरवलं, कुणी तपासलं, कुठल्या टाइपसाठी. शेवटी तारीख आहे, चाचा गेल्यावरच्या चाळिसाव्या दिवसानंतरची. त्यांच्या हातात हे पान पडलं असतं, तर त्यांनी आधी तीच वाचली असती.