गावंडे साहेबांचा ब्लँक

कापसाच्या केंद्रावर सीझन संपला की शेड झाडून काढतात, पाणी मारतात, कुलूप लावतात. तरी पुढच्या वर्षी कुलूप उघडलं की कोपऱ्यात, पंख्यावर, फोनच्या वायरीत कापसाचे फाहे चिकटलेले सापडतातच. किस्स्यांचंही तसंच आहे. मी बोरी अरबच्या बाजूला एका खरेदी केंद्रावर काट्याला होतो, म्हणजे वजन करायचो. रिटायर होऊन जमाना झाला, पण चार मित्र बसलेले असताना कोणी नुसतं 'ब्लँक' म्हणालं की मला हसू फुटतं. मग सगळं सांगावंच लागतं.

हा शब्द केंद्रावर आणला देशपांडे साहेबांनी. ते आमचे केंद्रप्रमुख, यवतमाळचे, घरातले सगळे पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत. केंद्रावर एकच फोन होता आणि तो उचलायचं काम शिपाई शेख चाचांचं. एकदा फोन आला, चाचांनी 'हलो' केलं ते इतक्या जोरात की बाहेर बंडीचे बैल दचकले. पलीकडून आवाजच नाही. चाचा 'हलो हलो' करत राहिले. शेवटी देशपांडे साहेब वैतागून म्हणाले, "अहो चाचा, ब्लँक कॉल आहे तो. ठेवा."

चाचांना शब्द भारी आवडला. दुसऱ्या दिवसापासून माठ ब्लँक, सायकलचं चाक ब्लँक, चहाची किटली ब्लँक. यवतमाळहून मोठे साहेब आले आणि 'देशपांडे कुठे आहेत' म्हणून विचारलं, तर चाचा म्हणाले, "खुर्ची ब्लँक हाये जी. पण टेबलावर चष्मा हाये, म्हणजे मानूस जवळच असन."

मी तेव्हा हसलो. चाचांनी माझ्या डोक्याकडे निरखून पाहिलं.

"हासू नका काटेबाबू, तुमचं बी पुढून ब्लँक होऊन राह्यलं."

* * *

तो फोन पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. मग दर आठवड्याला, राजूरच्या बाजाराच्या दिवशी. तेव्हा आम्हाला कळलं की हा ब्लँक कोणाचा आहे.

आमचे ग्रेडर गावंडे साहेब. त्यांच्या मुलीने, मंजूने, राजूरच्या कोळसा खाणीतल्या एका पोराशी लग्न केलं, कोणाला न विचारता. पोरगा चांगला होता, पण विचारलं नव्हतं ना! साहेबांनी घरात सगळ्यांसमोर शपथ घेतली की या जन्मात तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. घरी फोन नव्हता. म्हणून मंजू राजूरच्या एसटीडी बूथवरून केंद्रावर फोन लावायची आणि गप्प राहायची.

चाचा शेडच्या दारातून हाक मारायचे, "गावंडे साहेब, तुमचा ब्लँक आला."

साहेब हात झटकत यायचे. रिसीव्हर कानाला लावायचे. तिकडे ती गप्प, इकडे हे गप्प. बूथचं मीटर तेवढं पळत असणार. बऱ्याच वेळाने साहेब हळूच रिसीव्हर ठेवायचे आणि परत ढिगाकडे जायचे. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळायचं नाही.

* * *

आता या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं. ग्रेडर ढिगात हात घालतो, मधला फाहा काढतो, चिमटीत धागा ओढून पाहतो आणि 'सुपर' की त्याखालचा 'फेअर' ते सांगतो. पण शब्द तोंडातून निघेपर्यंत शेतकरी कापसाकडे पाहतच नाही, ग्रेडरच्या तोंडाकडे पाहतो. भुवई हलली की घासाघीस सुरू, ओठ हलला की विनवण्या सुरू. म्हणून प्रत्येक ग्रेडर चेहरा कोरा ठेवायला शिकतो. गावंडे साहेब तर इतके शिकले होते की तो चेहरा घरी गेल्यावरही उतरायचा नाही.

वहिनी सांगायच्या, "लग्नाले इतके साल झाले, पन भाजीत मीठ कमी हाये का जास्त, या मानसाच्या तोंडावरून मले कधी समजलं नाही." एक दिवस त्यांनी मुद्दाम मीठच टाकलं नाही. साहेबांनी अख्खं ताट संपवलं. वहिनींनी विचारलं, "भाजी कशी होती?"

साहेब म्हणाले, "फेअर."

पुतण्याच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "काका, जरा हसा ना." साहेब म्हणाले, "हासूनच राह्यलो." तो फोटो मी पाहिला आहे. नवरदेव खूश आहे, नवरी लाजते आहे आणि मध्ये उभे राहून साहेब दोघांचं ग्रेडिंग करताहेत.

* * *

त्या वर्षांत कापसाचा भाव नुसता पडत होता. बंड्यांची रांग नाल्याच्या पुलापर्यंत जायची, माणसं बंडीखालीच झोपायची. खरी बातमी कोणालाच माहीत नसायची, त्यामुळे लोक हवेतून बातमी काढायचे. रांगेत सुदामराव म्हणून एक म्हातारे असायचे. ते यात सगळ्यात पटाईत.

एकदा देशपांडे साहेबांचा घसा बसला. त्यांनी दारव्ह्याहून एक ब्लँक कॅसेट मागवली, संध्याकाळी ऑफिसात बसून घोगऱ्या आवाजात सूचना सांगितल्या, 'शेतकरी बंधूंनो, बंड्या एका रांगेत लावा, ढिगाजवळ बिडी ओढू नका,' तेव्हा टेपरेकॉर्डर चाचांच्या हवाली होता. चाचांनी सगळी बटणं दाबली होती, फक्त रेकॉर्डचं सोडून.

सकाळी भोंग्यावर कॅसेट लावली. नुसतं सूंऽऽ. पण रांग एकदम शांत झाली. लोकांनी चहाचे कप खाली ठेवले, बैलांच्या घंटा हाताने धरल्या. कॅसेट संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग सुदामराव म्हणाले, "साहेबाच्या तोंडातून शबद निघून नाही राह्यला. भाव भल्ला पडला असन."

आणि संध्याकाळी आदेश आला, भाव खरंच पडला होता.

पुढच्या आठवड्यात लोक ऑफिसात यायला लागले. "साहेब, ते कॅसेट लावा ना जी, भाव कळते."

* * *

देशपांडे साहेबांचीही एकदा पाळी आली. मार्गदर्शन मेळावा होता. साहेबांनी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. उभे राहिले, 'शेतकरी बंधूंनो' म्हणाले आणि समोर पाहिलं. समोर हजारभर डोळे. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, भाव कधी वाढणार, आणि ते साहेबांनाही माहीत नव्हतं. साहेबांना पुढचं एक अक्षर आठवेना.

चाचा पाण्याचा ग्लास घेऊन धावले आणि हळूच बोलायचं म्हणून नेमके माइकजवळच बोलले, "काय झालं साहेब? तुम्ही बी ब्लँक?"

सगळ्या मांडवाने ते ऐकलं. साहेबांनी हात जोडले आणि खाली बसले. टाळ्या अशा पडल्या की थांबेनात. सुदामराव उठून जवळ आले आणि म्हणाले, "कापसावर बोलाले उभा राह्यला आन् खोटं नाही बोलला, असा साहेब म्या पहिल्यांदा पाह्यला."

* * *

इकडे मंजूचा फोन चालूच होता. दोन माणसं तारेच्या दोन टोकांना गप्प उभी राहतात, हे चाचांना सहन होईना. एका बाजाराच्या दिवशी साहेबांनी रिसीव्हर कानाला लावला तसे चाचा शेजारी जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, वहिनीचा गुडघा कसा हाये आता?"

साहेबांनी चाचांकडे पाहिलं. रिसीव्हर तोंडाशीच होता. चाचांना म्हणाले, "बरा हाये. पायऱ्या चढते आता."

"आन् गाय?"

"गोऱ्हा झाला तिले. पांढरा हाये."

शपथ मोडली नाही आणि बातमीही पोचली. मग ती पद्धतच पडली. हळूहळू मीही विचारायला लागलो, "साहेब, अंगणातलं सीताफळ लागलं का?" देशपांडे साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "गावंडे, तुमच्या सौभाग्यवतींनी यंदा पापड किती केले?" पलीकडून हुंदका येतोय की हसू, ते साहेबांनी कधी सांगितलं नाही.

एकदा यवतमाळचे मोठे साहेब अचानक आले. पाहतात तर चार माणसं फोनभोवती उभी, एक रिसीव्हर धरून छताकडे बघतोय आणि बाकीचे तिघे त्याला लोणच्याबद्दल ओरडून विचारताहेत.

"काय चाललंय हे?"

देशपांडे साहेब म्हणाले, "काही नाही साहेब. ब्लँक कॉल आहे."

* * *

मग एका दिवाळीनंतर फोन यायचा बंद झाला. एक बाजार गेला, दुसरा गेला, पुढचेही गेले. चाचा उगीच रिसीव्हर उचलून पाहायचे, लाइन चालू आहे की नाही. म्हणायचे, "ब्लँक बी ब्लँक झाला, काटेबाबू."

साहेबांचे हात ढिगात असायचे आणि कान फोनकडे. राँग नंबर आला तर चाचा त्या बिचाऱ्याला अशा शिव्या घालायचे की त्याने पुन्हा कुठेच फोन लावला नसेल. घरी वहिनींना राजूरकडच्या एका बांगडीवालीकडून कळलं होतं. त्या सरळ जुन्या लुगड्याची इवलीशी कुंची शिवायला बसल्या. साहेबांनी ती हातात घेतली, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "धागा नरम हाये." एवढंच बोलून ते बाहेर गेले. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. मला त्या माणसाचं फार वाईट वाटायचं. एक शब्द बोलायचा नाही म्हणून बसला होता आणि आता बोलायला समोर कोणी नव्हतं.

* * *

रांग पुलापलीकडे गेली होती त्या दिवशी दुपारी फोन वाजला. चाचांनी उचलला, 'हलो' म्हणाले. मग रिसीव्हर हातभर लांब धरून त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"साहेबांले बलवा. आज ब्लँक रडून राह्यला."

आम्हालाही ऐकू येत होतं. आवाज बारीक होता पण ठणठणीत. गावंडे साहेब आले ते धावतच, डोक्यावर कापूस तसाच. रिसीव्हर घेतला. चाचांनी सवयीने 'साहेब, वहिनीचा...' म्हणून सुरुवात केली, तर साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं.

"मंजे," ते म्हणाले, "एवढ्या उन्हात लेकराले बाहेर कायले काढलं? टोपडं तरी घातलं का?"

पलीकडून काय आलं कोणास ठाऊक. साहेब नुसते "हो... हो... पोरगी?" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "तुया मायले घेऊन येतो," आणि रिसीव्हर ठेवून सरळ बाहेर गेले. देशपांडे साहेब चष्मा पुसायला लागले. चाचांनी डोळे पुसले, लपवलेही नाहीत.

बाहेर सुदामरावांच्या कापसाचा ढीग होता. साहेबांनी हात घातला, फाहा काढला, धागा ओढला आणि हसले. चांगले दात दाखवून हसले. त्यांना एवढे दात आहेत हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"फेअर," ते म्हणाले.

"फेअर?"

"फेअर," आणि पुन्हा हसले.

सुदामरावांनी त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग मागच्या बंडीवाल्याकडे वळून म्हणाले, "ग्रेड तेच देऊन राह्यला आन् हासून राह्यला. म्हणजे फेअरचाच भाव वाढला, बाप्पा."

बातमी पुलापर्यंत गेली, तासाभरात दारव्ह्याला आणि संध्याकाळपर्यंत थेट महागावात. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडलं तर पूल दिसेना, नुसत्या बंड्या. गावंडे साहेब स्वतः रांगेतून हात जोडत फिरले. "भाव वाढला नाही हो, परत जा." पण चेहऱ्यावरचं हसू काही जाईना, त्यामुळे कोणी विश्वास ठेवीना. सुदामराव तर म्हणाले, "लपवून राह्यले."

नऊ वाजता यवतमाळहून मोठ्या साहेबांचा फोन आला. देशपांडे साहेब उभे राहून ऐकत होते. तिकडचा आवाज आम्हाला भिंतीपाशीही ऐकू येत होता. "अफवा तुमच्याच केंद्रातून उठली आहे! जिच्यामुळे किंवा ज्याच्यामुळे उठली, त्या व्यक्तीचं नाव मला आत्ताच्या आत्ता पाहिजे."

देशपांडे साहेबांनी गावंडे साहेबांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, बगलेत कुंचीची पिशवी.

"नाव अजून ठेवलं नाही, साहेब," देशपांडे म्हणाले. "रविवारी बारसं आहे."