पालीच्या मंगळवारची पहिली खुर्ची

डॉ. कुमुदिनी आठल्ये यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्याच घरात, माझ्या आईशेजारी जमिनीवर बसून मेथी निवडताना. आम्ही तेव्हा मुंबईतल्या चाळीतली खोली सोडून नुकतेच नवघरला राहायला आलो होतो. माझी पत्नी शालिनी इथल्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून रुजू झाली होती आणि मॅडम त्या केंद्राच्या डॉक्टर होत्या. शालिनीला उत्तनकडच्या चौक आणि पाली या गावांत पाठवायचे त्यांच्या मनात होते. रोज खाडीपलीकडे जायचे, घरोघर फिरायचे आणि अंधार पडता पडता परतायचे, असे ते काम. आईला ते पसंत नव्हते.

मी कचेरीतून आलो तेव्हा मॅडमना येऊन बराच वेळ झाला असावा, कारण अर्धी जुडी निवडून झाली होती. मला त्यांनी फक्त नमस्कार केला. मी काही बोलणार तर म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या. आमचं बोलणं चाललंय." मग आईकडे वळून म्हणाल्या, "आई, सून तुमची. मी दिवसभरासाठी मागायला आलेय."

आई म्हणाली, "न्या. पण संध्याकाळी परत आणून सोडायची."

"सोडते," मॅडम म्हणाल्या.

त्या संवादात माझे मत कोणी विचारले नाही याचे मला थोडे वाईट वाटले होते. शालिनी नंतर हसत म्हणाली, "अहो, मॅडमची पद्धतच ती. घरात शिरलं की आधी सासू, मग सून, शेवटी नवरा."

मॅडमच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मी लिहावे असा समितीचा आग्रह झाला, तेव्हा मी आधी नाही म्हटले. मी आरोग्य खात्यातला नाही. एका खासगी कंपनीत हिशेबाच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झालो. हा लेख लिहिण्याचा खरा अधिकार शालिनीचा होता. ती चार वर्षांपूर्वी गेली. मॅडमच्या कामाबद्दल मला जे माहीत आहे त्यातले बरेचसे मी तिच्या तोंडून, रात्रीच्या जेवणाच्या ताटावर ऐकलेले आहे. थोडे अलीकडे स्वतः पाहिलेले आहे. संपादकांनी "आनंदाचं लिहा" असे सांगितले होते. ते मला पूर्ण जमलेले नाही, याबद्दल वाचकांनी समजून घ्यावे.

कुटुंब कल्याणाचे काम म्हणजे लोकांना कमी मुले होऊ द्या असे सांगणे, अशी माझी समजूत होती. मॅडमच्या तोंडी ते वाक्य कधीच नसे, असे शालिनी सांगायची. त्या बाईला विचारायच्या, धाकटे किती महिन्यांचे, पाठ दुखते का, चक्कर येते का. बाई स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलू लागली की पुढच्या बाळंतपणाचा विषय ती आपणच काढते, हा त्यांचा अनुभव होता. तांबी बसवायची की गोळ्या घ्यायच्या की काहीच नको, हे बाईने ठरवायचे. त्यासाठी तिला चार वेळा यावे लागले तरी चालेल, पण पहिल्याच भेटीत हो म्हणवून घ्यायचे नाही, असा त्यांचा दंडक होता.

यामुळे वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत. एका वर्षी मार्च महिन्यात शस्त्रक्रियेचे शिबिर होते. नवघरमधली एक बाई तीन मुलांनंतर ऑपरेशनसाठी नाव देऊन आली होती. तपासणीत तिच्या अंगात रक्त फार कमी निघाले. मॅडमनी तिला लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवायचे ठरवले. एक अधिकारी तिथे हजर होते. ते म्हणाले, "मॅडम, मार्च आहे. वर्षाचं उद्दिष्ट गाठायचंय, एकेक केस महत्त्वाची आहे."

मॅडम म्हणाल्या, "तिच्या रक्ताला मार्च कळत नाही, साहेब."

त्या बाईचा नवरा रिक्षा चालवायचा. तो वैतागून म्हणाला, "डॉक्टरनीजी, मैं धंदा छोड़ के लाया, और आप वापस भेज रही हो?"

"भेज रही हूँ. और तब तक जिम्मेदारी तुम्हारी," असे म्हणून मॅडमनी निरोधचे पाकीट त्याच्या हातात ठेवले. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो ते खिशात टाकून निघून गेला. काही महिन्यांनी तोच बायकोला घेऊन आला, ऑपरेशन नीट पार पडले आणि पुढे त्याच्या रिक्षातून शालिनीला स्टेशनपर्यंत फुकट सोडण्यावरून त्याचे आणि तिचे भांडण होत असे.

पुरुषांशी बोलायलाही मॅडम कचरत नसत. चौकला होड्या किनाऱ्याला लागलेल्या दिवसांत त्यांनी एकदा पुरुषांची बैठक घेतली. पुरुषांची नसबंदी किती सोपी असते ते सांगून झाल्यावर एका धिप्पाड माणसाने विचारले, "बाय, ते करून मंग जालं ओढायला जोर ऱ्हाईल काय?"

मॅडम गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "जाळं हातानंच ओढतोस ना?"

शालिनी हे सांगताना इतकी हसायची की घास ठसकायचा. त्या बैठकीनंतर कोण पुढे आले, किती आले, ते मला ठाऊक नाही. पण त्या गावात मॅडमना 'डॉक्टरीन बाय' म्हणू लागले ते त्या दिवसापासून, असे ती म्हणायची.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती सांगतो.

गावातल्या बायका रक्तदाबाच्या मशीनला घाबरत. दंडाला पट्टा बांधून हवा भरली की हात आवळतो, त्याची भीती. मॅडमनी यावर आपल्या परिचारिकांना एक युक्ती शिकवली होती. पट्टा आधी स्वतःच्या दंडाला बांधायचा, दोनदा फुगा दाबायचा, हसायचे आणि सोडायचा. "बघा, काही होत नाही." मग बायका निर्धास्तपणे हात पुढे करत. शालिनीने हे वर्षानुवर्षे केले. तिच्या दंडाला तो पट्टा जितका लागला असेल तितका क्वचितच कोणाला लागला असेल. पण ते दाखवण्यापुरते होते. काट्याकडे कोणी पाहिले नाही. डोके दुखते म्हणायची, तेव्हा मॅडमनी, मी, केंद्रातल्या मैत्रिणींनी तपासून घे म्हटले, तर तिचे एकच उत्तर असे, "माझं मला माहीत आहे."

पालीला एका मंगळवारी ती बायकांना तपासता तपासता खुर्चीवरून खाली कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्तदाब बरीच वर्षे वाढलेला असावा, असे रुग्णालयात सांगितले. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, तरी दर मंगळवारी पालीला जात असत, म्हणून त्या तिथे होत्या. रुग्णवाहिकेत तिचा हात धरून त्याच बसल्या होत्या.

ती गेल्यावर मॅडम घरी आल्या. माझ्याशी बोलण्याआधी त्या आईच्या पलंगापाशी गेल्या. आई त्याआधीच अंथरुणाला खिळली होती. मॅडम म्हणाल्या, "आई, परत आणून सोडता आली नाही."

आईने त्यांचा हात धरून ठेवला. 

त्यानंतर मॅडमनी पालीला एक नियम केला. पहिली खुर्ची कर्मचाऱ्याची. जी कोणी त्या दिवशी तपासणार तिचा रक्तदाब आधी घ्यायचा, नीट घ्यायचा, आणि आकडा सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने सांगायचा. त्यानंतर गावातल्या बायका. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, नवीन परिचारिका, सगळ्यांना हा नियम लागू आहे. त्यातून एका अंगणवाडी सेविकेचा आजार वेळेवर लक्षात आला, ती आज औषधावर आहे आणि ठणठणीत आहे.

माझ्यावरही त्यांनी नियम लावला, पण वेगळा. दर रविवारी त्यांचा फोन येतो. "शिर्के, आज काय जेवलात?" वरण-भात म्हटले की पुढचा प्रश्न, "भाजी कुठली?" खोटे बोललेले त्यांना आवाजावरून कळते. एकदा मी 'भेंडी' म्हटले तर म्हणाल्या, "कशी केलीत?"  दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून डबा आला आणि डब्यात भेंडीच होती. निवृत्त झाल्यावर मी घरात बसून राहू लागलो, तेव्हा त्यांनीच मला मंगळवारी पालीला बोलावले. "खुर्च्या मांडायला माणूस हवाय," म्हणाल्या. तेव्हापासून मी खुर्च्या मांडतो आणि पिण्याचे पाणी भरून ठेवतो. तेवढेच मला येते.

खुर्च्या मांडता मांडता गेल्या काही महिन्यांत मला एक गोष्ट दिसू लागली. पालीची गल्ली अरुंद आहे, रिक्षा आत येत नाही, थोडा चढ चढून यावे लागते. त्या चढावर मॅडम थांबू लागल्या. भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या. मी विचारले तर म्हणाल्या, "वाळत्या मासळीचा वास घेतेय." त्या शाकाहारी आहेत. कधी छातीवर हात ठेवायच्या आणि मी पाहतो आहे हे कळले की चष्मा पुसायला घ्यायच्या. आणि पहिल्या खुर्चीवर त्या कधीच बसल्या नव्हत्या. आपण आता कर्मचारी नाही, आपण फक्त बोलायला येतो, असे त्यांचे म्हणणे.

रविवारच्या फोनवर मी धीर करून विषय काढला. मला असे बोलायची सवय नाही. त्या म्हणाल्या, "पंच्याहत्तरीला मशीन नवीन काय सांगणार, शिर्के? माझं मला माहीत आहे."

तेच शब्द ऐकल्यावर मी फोन ठेवला आणि त्या दिवशी खरोखरच जेवलो नाही. इकडे सत्काराच्या पत्रिका छापून आल्या होत्या. त्यांवर 'दीर्घायुष्य चिंतण्यासाठी' असे छापले होते. मला ती पत्रिका हातात धरवेना.

पुढच्या मंगळवारी मी कोणालाही न सांगता फिलू आजींच्या कानावर ही गोष्ट घातली. फिलू आजी पालीतल्या सर्वात वयस्क बाई, त्यांच्या सुनांची बाळंतपणे मॅडमच्या देखरेखीत झालेली. त्यांनी ऐकून घेतले. नवीन परिचारिका रेश्माने आपला रक्तदाब घेऊन आकडा सांगितला. मग तिने आजींना बोलावले. आजींनी हात पदराखाली घेतला.

"पयली डॉक्टरीन बाय," त्या म्हणाल्या.

मॅडम हसल्या. "आजी, मी पेशंट नाही."

"मंग आमी तरी कुटं हाव? आमचा हात दरमहा बांधतंस, तुजा कोन बांधतं? तुला रगात न्हाय काय?"

"माझं मला..." मॅडमनी सुरुवात केली.

"शालिनी बाय बी ह्येच बोलायची," आजी म्हणाल्या.

 ज्या बायकांनी बाह्या वर केल्या होत्या त्यांनी एकेक करून खाली ओढल्या. एकही बाई पुढे येईना. मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी पाण्याच्या हंड्याकडे पाहत राहिलो. मग त्या उठल्या आणि पहिल्या खुर्चीवर येऊन बसल्या.

रेश्माने पट्टा बांधला, काट्याकडे पाहिले आणि हवा सोडली. पुन्हा हवा भरली. मग आकडा नुसताच कागदावर लिहू लागली.

"मोठ्यानं सांग," मॅडम म्हणाल्या. "नियम आहे."

रेश्माने सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही, तो त्यांचा आहे. पण तो ऐकून बसलेल्या बायकांपैकी दोघी उठून उभ्या राहिल्या, एवढे पुरे. आजींनी आपल्या हाताने पाणी आणून दिले. मॅडमनी दोन घोट घेतले. त्या हळूच म्हणाल्या, "आता बाकीच्यांचं घ्या. उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांची कन्या पुण्याहून आली. मीही रुग्णालयात सोबत गेलो. मॅडमना रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. हृदयाच्या काही तपासण्या झाल्या, त्यांतल्या एकीचा निष्कर्ष मात्र मी हे लिहीपर्यंत आलेला नाही. हा ग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा तो आलेला असेल. सध्या फोन वाजला की मी पहिल्याच घंटेला उचलतो. रविवारचा फोन मात्र आता मी करतो. "गोळी घेतली का?" असे विचारतो. त्या "हो" म्हणतात. मी विचारतो, "कुठल्या रंगाची?" त्या चिडतात, पण सांगतात.

मॅडमच्या शिस्तीबद्दल, निर्भयतेबद्दल आणि शेकडो घरांवरच्या त्यांच्या ऋणांबद्दल या ग्रंथात माझ्यापेक्षा जाणकार लोकांनी लिहिले असेल. शतायुषी व्हा, असेही सर्वांनी म्हटले असेल. आमच्या घरी मी आईला हे सारे वाचून दाखवले. ती आता फार बोलत नाही. सगळे ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्यांना सांग, कामाला जायचं तर जा. पण संध्याकाळी परत यायचं."

मॅडम, आमच्या दोघांकडून, आणि जिने हे लिहायला हवे होते तिच्याकडूनही, तुम्हाला शुभेच्छा म्हणून तेवढेच सांगतो. मंगळवारी मी पालीला नेहमीपेक्षा लवकर जाईन. पहिली खुर्ची मांडून ठेवीन. तुम्ही चढावर हवे तेवढे थांबा, घाई करू नका. येऊन त्या खुर्चीवर बसा, बाही वर करा, आकडा आम्हा सर्वांना ऐकू द्या. आणि संध्याकाळी घरी परत या.