डोळ्यांच्या दवाखान्याचा फॉर्म

वेबसाइट तयार करणाऱ्या या गृहस्थाला ऑफिसात सगळे टापटीपराव म्हणत. टेबलावर पेन्सिल तिरकी पडली तरी याचा जीव वरखाली व्हायचा. डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी त्याने वेळ ठरवायचा फॉर्म केला आणि आधी आईलाच भरायला दिला. आई तिच्या जुनाट कॉम्प्युटरसमोर, शिलाई मशीनशेजारी बसली.

"अरे, या चौकोनांत काय लिहायचं ते दिसतच नाही!"

चौकोनांत 'पूर्ण नाव', 'तक्रार' अशा सूचना होत्या. त्याने आपल्या लॅपटॉपवर पाहिलं, तर अक्षरं काळीभोर. झालं! आईला मोतीबिंदू झालाय, हे त्याने उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

"आजपासून मशीन बंद. सुई बोटात घुसेल."

आईचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून तिने याला वाढवलं होतं. मशीन गेलं तर दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं का?

"माझे डोळे ठणठणीत आहेत. तुझीच अक्षरं फिकी आहेत."

"आई, हट्ट करू नकोस." त्याने मशीनवर चादर घातली, कोपरेसुद्धा नीट खोचले.

दुसऱ्या दिवशी आईची समजूत घालायला तो तिच्या खुर्चीत बसला, आणि अक्षरं त्यालाही दिसेनात. क्षणभर वाटलं, मोतीबिंदू घराण्यातच आहे. मग त्याने आपली CSS, म्हणजे वेबसाइटच्या रंगरूपाच्या नियमांची फाइल, उघडली आणि कपाळाला हात लावला.

जुन्या ब्राउझरांची तऱ्हाच न्यारी. चौकोनातल्या सूचनेला रंग द्यायचा, तर नियमात तिला ज्या नावाने ओळखायचं ते नाव, म्हणजे सूडो-क्लास, एकाचं वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. प्रत्येकाला स्वतंत्र नियम लिहावा लागतो. टापटीपरावांना हा पसारा खपला नाही. त्यांनी स्वल्पविराम देऊन दोघांना एकाच नियमात बसवलं. पण ओळीत एक जरी अनोळखी नाव दिसलं, तरी ब्राउझर तो अख्खा नियमच केरात टाकतो. शेजाऱ्याचं नाव दिसलं म्हणून स्वतःचंही पत्र फाडणाऱ्या माणसासारखा! म्हणून आईच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या ब्राउझरमध्ये रंग लागलाच नाही, अक्षरं मूळच्या फिक्या रंगातच राहिली. लॅपटॉपवरच्या नव्या ब्राउझरचा नियम वेगळा लिहिलेला होता, तो बिनबोभाट चालला.

त्याने दोन्ही नियम सुटे केले. अक्षरं ठसठशीत झाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उगाच आईला आंधळी ठरवलं, तेही न विचारता, न तपासता. त्याने मुकाट्याने चादर काढली.

"आई, आता बघ बरं. जरा... दुरुस्त केलंय."

आई दारातूनच म्हणाली, "पूर्ण नाव. तक्रार." मग खुर्चीत बसून तिने टकाटक फॉर्म भरला आणि पाठवूनही दिला.

"अगं, पण तुझे डोळे तर चांगले आहेत!"

"माझे आहेतच."

तो वाकून बघू लागला. नावाच्या चौकोनात त्याचं नाव होतं. तक्रारीच्या चौकोनात आईने लिहिलं होतं: 'स्वतःची चूक दिसत नाही.'