मुस्तफाभाईंची जपानची पोरगी

गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मुस्तफाभाईंना जाऊन दोन वर्षं होत आली, तरी मी धरलेला आहे, आणि सहजासहजी सोडणार नाही.

आता तुम्हीच सांगा. पहाटे साडेपाचला अंबाजोगाईतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बारा पोट सुटलेली माणसं बॅडमिंटन खेळायला जमायचो. बाकीचे येऊन बूट घालत आणि खेळायला लागत. मुस्तफाभाई मात्र आधी रिकाम्या कोर्टासमोर उभे राहून कमरेत वाकत. अगदी सावकाश. तोवर शटल हातात धरून सगळे खोळंबलेले. पहिल्या दिवशी मी विचारलं, "भाई, कंबर धरली का?"

"न्हाई मास्तर. ती करती असं."

ती म्हणजे जपानची एकेरी खेळणारी एक ठेंगणी मुलगी. भाईंचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींतली काळी तार उपसून नवी भरायची, हा धंदा. एका दुपारी जेवताना त्यांनी मोबाइलवर तिची मॅच पाहिली, आणि त्या दिवसापासून ती 'आपली पोरगी' झाली. हॉलचं कुलूप निघायच्या आत मला खबर मिळे. "मास्तर, पोरगी सेमीला गेली." "मास्तर, पोरीचा गुडघा दुखायलाय, जीव लागंना." ती जगात पहिल्या नंबरला पोचली, तेव्हा भाईंनी दुकानावर पेढे वाटले. मोटार न्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "कोन पास झालं, भाई?"

"पोरगी."

"कोनची? तुला तर तिन्ही पोरंच हायत."

"जपानची."

त्यानं पेढा तोंडात टाकला आणि मोटार झाली का ते विचारलं.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं, पण दुहेरीत भाई माझे जोडीदार होते. मी उंच माणूस. उडी मारून शटल जमिनीवर आपटणं हा माझ्या खेळातला एकुलता एक दागिना. तो त्या पोरीनं उतरवून घेतला. कारण ती आपटत नसे, समोरून येईल ते शांतपणे उचलून परत देत असे. मी उडीच्या बेतात असलो की मागून हुकूम यायचा, "नको, नको! नुस्तं ठेव!" मी ठेवायचो. मग पुन्हा ठेवायचो. तीस-तीस फटके ठेवून माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. "मारायला अक्कल लागत न्हाई, मास्तर," भाई म्हणायचे, "उचलायला लागती." आणि खरी चीड ही, की आम्ही जिंकायला लागलो.

इतके जिंकायला लागलो, की जिल्ह्याच्या प्रौढांच्या स्पर्धेत थेट अंतिम फेरी गाठली. मला पन्नाशीपर्यंत लिंबू-चमच्यातही कधी बक्षीस मिळालेलं नव्हतं. बायकोनं शोकेसमधली चिनी मातीची बदकं खालच्या फळीवर उतरवून वरची मोकळी केली. भाईंच्या मोटारसायकलवर बसून आम्ही बीडला गेलो.

तिसरा गेम, आम्ही वीस, ते एकोणीस. समोरच्यानं मारलेलं शटल भाईंच्या खांद्यावरून मागे गेलं आणि रेषेबाहेर पडलं. पंच म्हणाले, "आउट." मी रॅकेट फेकली, दोन्ही हात वर केले, एका अनोळखी प्रेक्षकाला मिठीसुद्धा मारली. मागे वळून बघतो तर भाई रॅकेट उंच धरून पंचांपुढे उभे.

"साहेब, मला लागून गेलंय. गुण त्यांचा."

पंच म्हणाले, "मला तर दिसलं नाही."

"तुमाला कसं दिसंल? मला लागलंय."

समोरचे दोघेही म्हणाले, जाऊ द्या, आम्हालाही आवाज आला नाही. मी तर हात जोडले. पण भाई हलेनात. वीस-वीस झाले. पुढचे दोन्ही गुण मी घालवले, कारण मला शटलऐवजी मुस्तफाभाईच दिसत होते.

येताना, ज्याचा गळा दाबावासा वाटत होता त्याच्याच कमरेला धरून बसावं लागलं. वाटेत केज लागलं. तिथे चहाला थांबल्यावर भाई म्हणाले, "तिनं पन असंच केलतं, मास्तर. मी पैल्यांदा बघितली त्या मॅचला. पंचानं आउट दिलं आन् तिनं रॅकेट वर केली."

बदकं आठवड्यात पुन्हा वर चढली.

मी मास्तर माणूस, मूळ पुरावा पाहिल्याशिवाय राहवेना. ती मॅच शोधली, सबंध पाहिली, हवा तो तुकडा मोबाइलमध्ये उतरवून घेतला. पण जोडीदार नाराज नको, म्हणून दाखवला नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धेची नावं द्यायची वेळ आली, आणि त्याच सुमारास गुडघ्याला कंटाळून त्या पोरीनं खेळ सोडला. भाईंनी दुसऱ्या दिवसापासून हॉलवर येणंच बंद केलं. मी दुकानात गेलो, विनवण्या केल्या. "एवढी एकच स्पर्धा, भाई. मग वाटेल ते करा."

"पोरगी थांबली, मास्तर. आपन बी थांबलो. बास."

मग मात्र माझा तोल सुटला. मोबाइल काढून त्यांच्या नाकापुढे धरला. "ही बघा तुमची पोरगी! शटल तिच्या रॅकेटजवळून गेलं, पंच आउट म्हणाला, आणि ही मुकाट सर्व्हिस करायला गेली. केली का रॅकेट वर? केली का?"

भाईंनी चष्मा पुसून तो तुकडा तीनदा पाहिला. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार.

"मग लागलं नसंल तिला," ते म्हणाले.

"अहो, पण तिनं रॅकेट वर केलीच नाही! म्हणजे ते तुम्ही मनानंच रचलं! मग तुम्ही कशाला सांगितलं पंचांना?"

भाई माझ्याकडे असे बघत राहिले, जणू वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोराकडे बघताहेत.

"मला लागलतं की, मास्तर."

आणि तारेचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाले, "आलाच हायत तर धरा जरा. ताणून धरा, ढिली सोडू नका."

धरली. काय करता?