शेजारची बोट

आज केअर होमहून परतताना बसस्टॉपवर डिझेलचा वास आला आणि मुलांनो, मला ऱ्हाइन नदीवरची आमची बोटीची सहल आठवली.

तिथे धक्क्यावर दोन सारख्याच बोटी एकमेकींना खेटून बांधतात. पलीकडच्या बोटीवर जायचं तर अलीकडच्या बोटीतूनच जावं लागतं. काठावरचा किल्ला पाहून मी आधी आमच्या बोटीवर परतले होते. तुमचे आजोबा मागून कुणाशी तरी गप्पा मारत आले आणि आमची बोट ओलांडून थेट पलीकडच्या डेकवर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात ती सुटली.

"अहो! ती आपली बोट नाही!" मी ओरडले.

"अगं, किल्ला बघ केवढा सुंदर दिसतोय! फोटो काढ!" त्यांनी खुशीत हात हलवला. मधलं पाणी रुंदावत गेलं.

संध्याकाळी पुढच्या गावी भेटले, तर मलाच म्हणाले, "कुठे राहिलीस?" आम्ही पोट धरून हसलो.

आज केअर होममधून मी निघताना त्यांनी अदबीने विचारलं, "तुम्ही पुण्याच्या का हो?"

मी नुसतं "अहो" म्हटलं. ते प्रसन्न हसले आणि खिडकीतून तसाच हात हलवत राहिले. या वेळी पुढचं गाव कुठे आहे, ते मला कोणी सांगत नाही.